गोळीनंतरचा ताप

४ फेब्रुवारी
आज कामावर रुजू झालो. खोली मागच्या बाजूची, पण खिडकीतून ऊन येतं आणि गादी नवी आहे. आजोबांची काळजी घ्यायची, औषधं द्यायची, संध्याकाळी त्यांच्या मुलीला, ताईंना, फोनवर ताप कळवायचा. आजोबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. मांडीतून आत सरकवून तिथे नळी बसवली आहे, तारेची जाळी आणि तिला कापड. ताईंनी बजावलं, दात असो, फोड असो, ताप असो, आधी डॉक्टरांना विचारायचं. त्या नळीला जंतू चिकटले तर निघता निघत नाहीत, रक्तवाहिनी सडून आतड्यात फुटू शकते. आजोबांनी जन्मभर नळकाम केलं. म्हणाले, लोकांचे पाइप बदलता बदलता माझाच बदलायची वेळ आली, आणि गॅरंटी द्यायला कोणी तयार नाही. मला ते ‘डॉक्टर’ म्हणतात. माझी शाळा अर्धवट सुटली, तरी ऐकायला बरं वाटतं.

९ फेब्रुवारी
दाढदुखीमुळे आजोबा जेवेनात. ताईंना सांगतो म्हटलं, तर म्हणाले, ती मला उचलून पुन्हा दवाखान्यात टाकेल. शेवटी कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे गेलो. कुठलं ऑपरेशन झालंय का, असं त्याने विचारलं. आजोबांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिलो. दाढ निघाली. संध्याकाळी आजोबा पोटभर जेवले.

२ मार्च
आजोबांना कणकण आहे. ताप सांगितला तर डॉक्टर खोदून विचारतील, दाढेचं बाहेर येईल, माझं काम जाईल. आजोबाही म्हणाले, उगाच बभ्रा नको. तापाची गोळी दिली, घाम येऊ दिला, मग थर्मामीटर लावलं. जो आकडा आला तोच ताईंना कळवला. आकडा खरा होता. मी खोटा आकडा सांगत नाही.

७ मार्च
रोज तेच. आधी गोळी, मग थर्मामीटर. ताई म्हणाल्या, तुझ्यामुळे मला निवांत झोप लागते. आजोबांचा पायजमा सैल झालाय. कंबर दुखते म्हणतात.

१३ मार्च
पाठ चोळत होतो, तर आजोबांनी माझा हात धरून पोटावर ठेवला. गरम. आत ठोके.
“डॉक्टर, आत कोणीतरी राहायला आलंय. तुझ्यासारखंच, गुपचूप.”
ते हसले. मी हात काढून घेतला.

१६ मार्च
भरदुपारी माझ्या खोलीत ठोके ऐकू आले. भिंतीपलीकडे आजोबांचा पलंग आहे, पण भिंतीतून इतके स्पष्ट कसे — उशी कानावर दाबली, तर उशीतून. जाऊन आजोबांचं मनगट धरलं. त्यांची नाडी वेगळी. ठोके वेगळे.

१८ मार्च
आज सांगायचंच ठरवलं होतं. ताईंनी ताप विचारला. सांगितला — गोळीनंतरचा. म्हणाल्या, तू आहेस म्हणून बरं.
फोन ठेवल्यावरही कानात ठोके.

१९ मार्च, सकाळ
उलटीत रक्त. थोडंसंच. लगेच थांबलं. आजोबा म्हणतात, दाढेचं असेल. दाढ तर केव्हाच —
चादर धुतली. डाग जात नाही. ते आता बरे दिसतात. चहा मागितला.

१९ मार्च, दुपार
ठोके घरभर. भांड्यांत, दारात.
ताईंना फोन केला. सगळं सांगितलं — दाढ, गोळ्या, रक्त. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं,
“खरा ताप किती असायचा?”
मला माहीत नाही. मी तो कधी बघितलाच नाही.
ॲम्ब्युलन्स पाठवतायत. दार उघडं ठेव, त्यांच्याजवळ बस म्हणाल्या. बसलोय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय — आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर — म्हणतात, आत काहीतरी सुटलं, गरम गरम —
ठोके थांबले. एकदम.
तोंडातून पुन्हा — टॉवेल पुरत नाही — आजोबा, इकडे बघा, येतायत ते, आलेच, मी