जाधवांच्या घड्याळाची कडी

रवि., ४ जाने.

जाधवांचं घड्याळ आलं एकदाचं. सकाळी त्यांच्या गारखेड्याच्या घरी बैठक. जाधव, काझी सर आणि मी. घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर माणसं पुष्कळ, पण घड्याळं हातात घेऊन बघणारे आम्ही तिघंच.

कंपनीनं पन्नास वर्षांपूर्वीचं, पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं मॉडेल पुन्हा काढलंय. सगळं जुन्यासारखंच, फक्त काचेभोवतीची फिरती कडी आता दोन रंगांत मिळते, काळ्या आणि गडद निळ्या. जाधवांनी निळी मागवली होती. डबी उघडली तर कडी काळी.

म्हटलं, "चुकीचं पाठवलं की हो."

दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. जाधव म्हणाले, "काय डॉक्टर, सकाळी सकाळी चेष्टा करता व्हय?" काझी सरांनी घड्याळ खिडकीत नेऊन धरलं. "नीला है भई. साफ नीला."

मला खिडकीतही काळीच. जाधवांचं मन राखायला काझी सर हो ला हो करतायत, दुसरं काय. तीस वर्षं दातांचे रंग जुळवून पोट भरतोय, मला रंग शिकवणार? तसं बोलूनही टाकलं. पोहे कुणीच संपवले नाहीत.

सोम., ५ जाने.

पाण्याचा दिवस. अर्धी सकाळ मोटर आणि टाकीत गेली.

दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं, ग्रुपवर लांबलचक लिहिलं. कंपनी काळ्या कडीलाच निळी म्हणून खपवतेय, लोकांना कळत नाही, वगैरे. संध्याकाळपर्यंत नुसता बाजार. ज्यांनी घड्याळ लांबूनही पाहिलं नाही तेच जास्त तावातावानं. हर्सूलच्या एकाला फोटोत ती हिरवी दिसते म्हणे. दमायला होतं, पण उत्तर दिल्याशिवाय राहवतही नाही.

सुनंदा म्हणाली, "त्यांचं घड्याळ, त्यांचे पैसे. तुम्हाला काय करायचंय?" म्हणजे बायकोसुद्धा त्यांच्या बाजूनं.

गुरु., ८ जाने.

सोनवणेबाई परत आल्या. शाळेत शिकवतात. समोरच्या दाताची कॅप मागच्याच आठवड्यात बसवली होती.

"डॉक्टर, वर्गातली पोरं विचारायलीत, बाईंचा एक दात पिवळा का म्हणून. लई लाज वाटायली."

आरसा धरला. मला दोन्ही दात सारखेच दिसत होते. अगदी सारखे. ट्यूबलाइट जुनी आहे म्हणून सांगितलं, नवी कॅप करून देतो म्हटलं. बिचाऱ्या हो म्हणाल्या. असं परत आलेल्या त्या पहिल्याच नाहीत. इथंही लिहायला नको वाटतं, पण नाहीत.

त्या गेल्यावर शेड-गाइड काढली. नमुन्याच्या दातांची पट्टी, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. कॉलेजात असताना मागचा नंबर न बघता क्रम लावायची पैज मारायचो, कधी हरलो नाही. आज पट्टी हातात घेतली, आणि मग ठेवून दिली. उशीर झाला होता.

शनि., १० जाने.

दवाखान्यात नवी ट्यूबलाइट बसवली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कुठंतरी माहीत आहे मला.

रवि., ११ जाने.

जाधवांनी ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टर, राग मानू नका, पण एकदा डोळे दाखवून घ्या कुणाला." खाली सगळ्यांची हसरी तोंडं.

ग्रुप सोडला. बैठकीलाही गेलो नाही. अर्धं आयुष्य रविवारचे पोहे ज्याच्या घरी खाल्ले, त्यानं चारचौघांत असं म्हणावं? फोन करून सांगता आलं असतं. सु.नं विचारलं, आज घरीच? म्हटलं, कंटाळा आलाय. तेही खोटं नाही.

बुध., १४ जाने. संक्रांत.

तिळगूळ द्यायला जाधव आले नाहीत. मीही गेलो नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं.

संध्याकाळी सु. हळदीकुंकवाला निघाली होती. काठाची साडी, बरी दिसत होती. म्हटलं, "काळी शोभते तुला. दरवर्षी नेसत जा."

ती चपला घालता घालता थांबली. "काळी बहिणीनं नेलीय. ही निळी आहे."

मी तिचा पदर हातात घेऊन दिव्याखाली धरला.

"पैठणहून तुम्हीच आणली होती ही. गर्द निळी पाहिजे म्हणून दुकानदाराला सगळं दुकान उपसायला लावलं होतं तुम्ही."

आठवतंय. गठ्ठा उपसून उपसून दुकानदार घामाघूम झाला होता. ती गेल्यावर खुर्चीतच बसून राहिलो. घड्याळाची कडी मनात आलीच नाही. सोनवणेबाईंचा दात आला. मग त्यांच्या आधीचे सगळे. या डोळ्यांवर घर चाललंय आणि मला भीती वाटतेय, हे लिहून टाकतो.

शुक्र., १६ जाने.

डोळ्यांची डॉक्टर माझी जुनी पेशंट. शाळेत असताना तिच्या दातांना तारा मीच लावल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आतलं भिंग पिवळं पडून तपकिरी होत आलंय, त्यामुळं निळा रंग आत पोचतच नाही. निळं काळं दिसतं आणि पिवळ्यातला फरक कळेनासा होतो. हळूहळू होतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, म्हणाली.

"किती वर्षं असेल हे?"

"सांगता येणार नाही सर. तीन-चार तर असेलच." मग जरा थांबून, "समोरच्या दातांची कामं करत होता तुम्ही?"

म्हटलं, करत होतो.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, मग महिन्याभरानं डाव्याचं. येताना जालना रोडला सिग्नलवर थांबलो. हिरवा झाला तरी मागच्याच्या हॉर्नची वाट बघत राहिलो.

सु.ला सगळं सांगितलं. तिनं नुसता खांद्यावर हात ठेवला. संक्रांतीपासून तिनं ओळखलं असणार. की त्याच्याही आधी?

बुध., २८ जाने.

उजवा डोळा झाला. काल पट्टी होती, आज काढली. वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, दिवसभर थेंब. अक्षर मोठं काढतोय.

हॉलची भिंत क्रीम नाही, पांढरी आहे. रंगाऱ्याशी उगाच भांडलो होतो. सु.च्या केसात इतकं पांढरं कधी झालं? आणि आभाळ. आभाळाबद्दल काही लिहीत नाही, रडायला येतं आणि डोळ्याला पाणी चालत नाही.

रवि., १ फेब्रु.

सकाळी बेल वाजली. जाधव आणि काझी सर. जाधवांच्या हातात पोह्यांचा डबा, मनगटावर ते घड्याळ. ग्रुपचा विषय कुणीच काढला नाही. जाधव म्हणाले, "डोळा दुखतोय का?" म्हटलं, नाही. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. भला माणूस. मीच वड्याचं तेल वांग्यावर काढत बसलो होतो.

निळी. अशी निळी, की पहिल्या दिवशी मला दिसली कशी नाही असं वाटावं. उजवा डोळा मिटला, काळी. उघडला, निळी.

"उजव्यानं जाधव खरे," म्हटलं, "डाव्यानं अजून मीच खरा."

काझी सर, "बस, अब दूसरे का भी करा लो मियाँ, झगडाच खतम." जाधव पोट धरून हसले. चहाचा ट्रे घेऊन आलेली सु.ही हसली, मनापासून.

ती हसताना नेहमी तोंडावर हात धरते. करोनापासूनचं आहे. मला वाटायचं, मास्कची सवय राहिली. आज दोन्ही हात ट्रेला होते.

वरचा, समोरचा दात. करोना ओसरल्यावर पाय घसरून पडली होती तेव्हा तुटला, मीच कॅप करून बसवली. कौतुकानं, घरचं काम म्हणून, दोनदा रंग जुळवून. तो दात पिवळा आहे. शेजारच्या दातांत सरळ वेगळा दिसतो, वर्गातल्या पोरांनाही दिसेल इतका.

पुढं काय बोलणं झालं, लक्षात नाही. जाधवांना वाटलं, डोळ्याला ताण पडला. लवकर उठले.

मंगळ., ३ फेब्रु.

सोनवणेबाईंना फोन केला. डावा डोळा झाल्यावर कॅप बदलून देतो, तोवर दुसऱ्या डॉक्टरांकडं जायचं असेल तर मी नाव सुचवतो. "नाय डॉक्टर, तुमच्याकडंच करते," म्हणाल्या. त्यांना सांगणं सोपं गेलं.

एवढी वर्षं. लग्नांतले फोटो, बहिणीकडं, शेजारी. सगळीकडं हात तोंडावर. एक अक्षर बोलली नाही ही बाई. मला वाईट वाटेल म्हणून? की सांगितलं असतं तर मी ट्यूबलाइटवर ढकललं असतं म्हणून? ढकललंच असतं.

दुपारी दवाखान्यात जाऊन शेड-गाइड घेऊन आलो. सु. गॅलरीत मेथी निवडत होती. शेजारी जाऊन बसलो. तिनं काहीतरी सांगितलं आणि स्वतःच हसली, हात मेथीचाच, पण वर गेलाच.

"काय बघताय एवढं?"

"काही नाही."

उजवा डोळा मिटून पाहिलं. दात शेजारच्या दातांशी तंतोतंत जुळत होता, बसवला त्या दिवशी जुळला होता तसा. डोळा तसाच मिटून ठेवला.

"डोळा खुपतोय का? थेंब घालू?"

म्हटलं, घाल. मान मागं टाकली, तिनं थेंब घातला आणि गालावर ओघळलेलं पदरानं पुसलं. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली का, म्हणून विचारत होती. घेतो म्हटलं. शेड-गाइड पिशवीतच आहे, माझ्या खुर्चीखाली.