तांबडीला तेल लावलं त्याची गोष्ट

आई, मी कोंबडीला तेल लावलं. तू असतीस तर कपाळावर हात मारून घेतला असतास. दिवाळीची पहिली आंघोळ, वाटीत कोमट तेल, आणि लेक दार उघडेना. नोकरी सोडून आल्यापासून ती खोलीतच असते. हाक मारली की इथे डमडममध्ये वाढलेल्या मराठीत एवढंच, "आई, मला अभी काही नको." तेल गार होत चाललं. हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलंय? परसात आमची तांबडी कोंबडी, पिसं झडून अर्धी उघडी, भिंतीला चिकटून बसली होती. दुर्गापूजा सरली की दरवर्षी तिचं हे असंच. धरलं तिला मांडीवर आणि चोळलं तेल पाठीला. अशी किंचाळली की शेजारच्या बंगाली वहिनी, आमच्या बौदी, कुंपणावरून डोकावल्या. "दीदी, अंडा भी नहीं देती, इतना क्या लाड?"

तेव्हा आपल्या बराकपूरच्या क्वार्टरचं अंगण आठवलं. मी लहान, कोंबडीची उघडी पाठ कुरवाळायला निघालेय, आणि तू कण्या निवडता निवडता ओरडतेस, "हात लावू नको गं! नव्या पिसात रक्त असतं, दुखतं तिला. खायला ठेव आणि बाजूला हो." कण्यांत सुकट कालवून ताटली ठेवायचीस आणि मागे वळून न बघता आत जायचीस. मी बारावीला नापास होऊन कडी लावून घेतली तेव्हाही तेच. दाराबाहेर झाकलेलं ताट आणि लांब जाणारी तुझी पावलं. बाबा म्हणत राहिले, "अगं, बोल तिच्याशी." तू बोलली नाहीस. एके दुपारी मीच रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघरात आले, तर म्हणालीस, "भात वाढू?" बास. किती कोरडी आहे ही, असं वाटलं होतं मला.

तांबडीला आता कोळंबीची डोकी उकडून ठेवते आणि मागे सरते. पाठीवर नव्या पिसांचे कोंब टोचायला लागलेत. लेकीचं मात्र काहीच कळत नाही, जिवाला नुसता घोर. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझा राग येतो. एवढा धीर कुठून आणायचीस, ते सांगितलं नाहीस. ताट ठेवून तू खरंच आत निघून जायचीस का गं? हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून विचारते. आज मी ताट ठेवलं, दार वाजवलं नाही. पण मी काही बाजूला झाले नाही. हे सगळं तिच्या दाराला पाठ टेकूनच लिहितेय.