नऊ माळा आणि एक इंजिन

१२ ऑक्टोबर १९३१, सोमवार. सकाळी सात.
आज घट बसले. शकुंतला परत आली. सहा महिने बेळगोळला भावाकडे होती. इथं म्हैसुरात, आमच्या लष्कर मोहल्ल्यात लोक बोलतात की मी मारलं म्हणून गेली. एवढं काही नव्हतं. मी तांब्या फेकला आणि ती मधे आली. त्याआधीचं मला नीट आठवत नाही.

तिचे भाऊ रघुनाथराव सोडायला आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, दसऱ्याला संध्याकाळी येतो आणि बहिणीला विचारतो, राहतेस की येतेस. ती म्हणेल ते. तोवर हात उचलायचा नाही. मी घटासमोर शपथ घेतली. रिसाल्यात एकवीस वर्षं मी दांडगी घोडी सरळ केली. मला नऊ दिवस ते काय!

दुपारी तीन.
शकुंतलेला मोटार दाखवली. ज्या साहेबाची घोडी मी तयार केली, तो विलायतेला परत जाताना मला देऊन गेला. इंजिन पुढं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. घोडा पुढूनच ओढतो, हे अखेर कुणा शहाण्याच्या डोक्यात शिरलं! फक्त इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. शेजारचे हयग्रीवाचार हायस्कूलात सायन्स शिकवतात. ते म्हणाले, क्लच गेला, इंजिन बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही. त्यांच्याकडे मोटारीचं इंग्रजी पुस्तक आहे. ते वाचतील, मी काढीन. दसऱ्याला शकुंतलेला मोटारीतून बन्नीमंटपाला, महाराजांची मिरवणूक जाते तिथं, नेणार. मग कशाला जाते ती बेळगोळला!

१३ ऑक्टोबर. दुसरी माळ.
बॉनेट काढलं. चार बोल्ट निमूट निघाले, पाचवा हलेना. आधी तेल घातलं. मग शिव्या घातल्या. मग हातोडी घातली. बॉनेट मधोमध चेपलं, पण निघालं. राग अजिबात नव्हता. याला डिसिप्लिन म्हणतात.

शकुंतला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. राग आला का हो, असं तिने विचारलं. छे, म्हटलं. म्हणाली, आतली तांब्यापितळेची भांडी वाजत होती म्हणून विचारलं.

१४ ऑक्टोबर.
रेडिएटर सोडला. सगळं गंजाचं पाणी तिच्या रांगोळीवर. तिने पुन्हा काढली. पेट्रोलची नळी सुटेना म्हणून मी मडगार्डाला तीन लाथा घातल्या. अट हाताची होती. पायाबद्दल काही ठरलेलं नाही.

१५ ऑक्टोबर. चौथी माळ. सकाळी अकरा.
पाना निसटला, चार बोटं सोलवटून निघाली. रक्तच रक्त. पाना फेकला. कुणावर नाही, नुसताच फेकला. तो खिडकीतून माजघरात गेला.

शकुंतलेने सात पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या आहेत, इथल्या सगळ्या घरांसारख्या. शेट्टी नावाच्या मातीच्या जाड्या बाहुलीचं मुंडकं उडालं. शेट्टीण त्याला खेटून बसली होती, तिला साधा ओरखडा नाही. माझा नेम किती सांभाळून असतो, ते मी शकुंतलेला दाखवून दिलं. ती म्हणाली, अय्यो, मी तिथंच बसले होते हो, आत्ता दूध उतू जातंय म्हणून उठले. मग ती कानडीत ‘साकु’ म्हणाली, म्हणजे पुरे, आणि तिने उरलेल्या बाहुल्या खिडकीपासून लांब सरकवल्या. बायकांना बाहुल्यांचं फार.

निश्चय: उद्यापासून पाना मनगटाला दोरीने बांधणार.

१६ ऑक्टोबर.
दोरी बांधून पाना फेकला. परत आला. कपाळाला तीन टाके.

१८ ऑक्टोबर, रविवार. सप्तमी.
आचारांनी घात केला. पुस्तकाची सात प्रकरणं झाली होती, आठवं राहिलं होतं. सकाळी येऊन म्हणाले, आज पुस्तक द्या, सरस्वतीपुढं ठेवायचंय, आता दशमीपर्यंत उघडायचं नाही. मी म्हटलं, मोटारीचं पुस्तक म्हणजे वेद नव्हे. ते म्हणाले, येसाजीराव, छापलंय की नाही? मग सरस्वतीच, सुम्मने, उगाच वाद घालू नका.

पुस्तक एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांनी. त्यांची छत्री मधे आली, ती माझ्या गुडघ्यावर मोडली. मग त्यांचं उपरणं माझ्या मुठीत आलं. ते त्यांच्या गळ्यात होतं हा माझा दोष नाही. त्यांचा चेहरा जांभळा झाला तेव्हा शकुंतला धावत आली आणि तिने माझं एकेक बोट उलगडलं. ओढाताणीत आचारांचा कान फाटला होता. पुस्तक शेवटी गेलंच.

आठव्या प्रकरणात असून असून काय असणार? हुशार माणसाला सात पुरतात.

१९ ऑक्टोबर, सोमवार. अष्टमी.
अंगणातल्या फणसाच्या फांदीला कप्पी बांधली, साखळी इंजिनाला अडकवली. इंजिन ज्या चार बोल्टांवर बसतं ते चारी काढले होते. जोर लावला. इंजिन उठलं! मी जयजयकार केला. मग पाहिलं तर इंजिनाबरोबर मोटारही उठत होती. चाकं, दिवे, सगळं. मी ओढत गेलो, ती वर येत गेली, आणि अखेर मागच्या दोन चाकांवर माझ्यासमोर उभी राहिली. असं घोडं मी फोडून काढलं असतं.

आचार भिंतीपलीकडून लांबूनच ओरडले, कानाला पट्टी होती. म्हणाले, पुढच्या चाकांना फिरवणारे दोन दांडे आधी सोडवायचे असतात, तेच आठवं प्रकरण. मी वीट फेकली. ते खाली बसले, म्हणून वाचले. शकुंतलेने पाहिलं. तिला म्हटलं, आचार चपळ आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून तर फेकली.

साखळी खोडाला गुंडाळून ठेवली. दांडे उद्या.

२० ऑक्टोबर, मंगळवार. महानवमी. सकाळी आठ.
आयुधपूजा. आमचे पूर्वज तलवारीच्या जोरावर म्हैसुरात आले. मी पणजोबांची तलवार, माझा भाला, आणि त्याबरोबर सगळे पाने, हातोडी, जॅक, पक्कड धुऊन-पुसून देवापुढं ओळीने ठेवलं. गंध, फूल, ऊद. शकुंतलेने विळी आणि वरवंटाही ठेवला. पूजेला बसलेलं हत्यार आमच्या घराण्यात सीमोल्लंघनापर्यंत उचलत नाहीत. उचललं तर घराण्याचं वाटोळं. सगळं कसं शिस्तीत झालं. ऊर भरून आला.

साडेदहा.
मोटार टांगलेली आहे. दांडे सोडवायला पाना हवा. पाना देवापुढं आहे. मीच ठेवला.

पलीकडच्या गल्लीत लोहारकाम करणाऱ्या भीमसेनाकडं गेलो. त्याचेही पाने पूजेला. सायकलवाल्याचे पूजेला. आज सगळ्या शहरात एक पाना मोकळा नाही. शकुंतला म्हणाली, नुसती खाली तरी उतरवा, फांदी वाजतेय. मी म्हटलं, फांदी मला शिकवू नको.

दुपारी चार. पलंगावरून.
वाहनापुढं कोहळा फोडायचा असतो. तेवढं तरी रीतीने करावं म्हणून मी कोहळा डोक्यावर उचलला आणि आठवडाभराचं सगळं काढून चाकावर आपटला. मोटार हलली. मला वाटलं, माझ्याकडं बघून हलली. मग मी मुठींनी, कोपरांनी, डोक्याने मारलं. दिवे फोडले. काच फोडली. काय काय ओरडलो आठवत नाही, गल्ली जमली होती म्हणे. फांदी तुटली आणि मोटार माझ्या डाव्या पायावर उतरली. इंजिन अजूनही आतच.

तीन बोटं मोडली. शकुंतलेने हळद लावून पट्टी बांधली. बांधताना तिची नजर माझ्या हातांवरून हलली नाही. दमली असावी. तिला म्हटलं, बघ, नऊ दिवस झाले, तुला एक बोट लावलं नाही. ती हो म्हणाली.

मी जिंकलो. मोटार गेली तर गेली.

२१ ऑक्टोबर, बुधवार. विजयादशमी. संध्याकाळी सहा.
सकाळी आचार येऊन बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देऊन गेले. आज वैर ठेवायचं नाही म्हणाले. उंबऱ्याच्या आत मात्र आले नाहीत.

चार वाजता रघुनाथराव आले. मी ओसरीवर खुर्चीत, पाय पाटावर. फेटा बांधला होता. त्यांना ठणकावून सांगितलं, शपथ पाळली, तिलाच विचारा. त्यांनी तिला बाहेर बोलावलं. ती नवं लुगडं नेसून आली होती. चांगली दिसत होती. ते विचारणार, तेवढ्यात मला वाटलं की आधी सोनं द्यावं, घरच्या लक्ष्मीला पहिलं. बन्नीची पानं आधी आपल्या कपाळाला लावून मग दुसऱ्याच्या हातात द्यायची असतात. मी ती घेतली आणि हात वर केला.

शकुंतला खाली बसली. झटकन. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढं, डोळे गच्च मिटलेले. ओरडली नाही. घोडी तरी फुरफुरतात.

मी म्हटलं, अगं, सोनं देतोय. तिने डोळे उघडले नाहीत. पुन्हा म्हटलं. रघुनाथराव माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. रस्त्यावर जाऊन जटका, घोड्याचा टांगा, बोलावला.

जाताना ती म्हणाली, भात झाकून ठेवलाय, पायाची पट्टी उद्या बदलून घ्या. तिच्यावर माझा राग नव्हता. खरंच नव्हता. मी मारणार नव्हतो. पण हे सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं.

नऊ दिवस मी तिला मारलं नाही. ती नऊ दिवस, आता मारतील, आता मारतील, म्हणून घरात वावरत होती. जटका कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने मागं पाहिलं नाही. भात जेवलो नाही.