नळीतली चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. इंदिरानगर, नाशिक

आज लेनाचा फोन आला. तिचे वडील व्हिक्तर, ओझरच्या विमान कारखान्यात आम्हाला शिकवायला आलेले रशियन इंजिनिअर. चाळीस वर्षांची दोस्ती आमची. व्हिक्तरचे वडील महायुद्धात सोव्हिएत सैन्यात होते, तिथेच बेपत्ता झाले. मेल्यावर ओळख पटावी म्हणून सैनिकांना नाव-गावाची चिठ्ठी ठेवायला छोटी नळी मिळायची. पण चिठ्ठी लिहिली की मरण येतं, असं मानून बरेच जण ती कोरीच ठेवायचे. "माझ्या बापानंही कोरीच ठेवली असणार," व्हिक्तर म्हणायचा.

लेना म्हणाली, "काका, एका शेतात आजोबांची हाडं सापडली. नळीसुद्धा. चिठ्ठीवर नाव वाचता येतंय."

मी ओरडलोच, "व्हिक्तरला सांगितलंस?"

ती म्हणाली, "बाबा गेल्या महिन्यात गेले."

म्हणजे व्हिक्तरच्या वडिलांनी चिठ्ठी लिहिली होती. घरी कळावं म्हणूनच ना? आणि व्हिक्तरला कळायचं एका महिन्यानं चुकावं? मला तर व्हिक्तर गेल्याचंही आजच कळलं.

लेना रडत विचारत होती, "आजोबांविषयी बाबा आमच्याशी कधी बोललेच नाहीत. तुम्हाला काय काय सांगायचे?"

मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. दोन मिनिटांत संपलं.