कोठीतला गूळ

११ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने लोह्याहून निघाले. अहमदपूरला गाडी बदलली आणि दुपारी शिरूर अनंतपाळला उतरले. दाजी मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते. त्यांचं घर गावाबाहेर, शेतातच आहे. तूर फुलावर आलीय, जिकडे बघावं तिकडे पिवळं. हवा गार आणि अंगणात छान ऊन. दुखवट्याच्या घरी येऊन बरं वाटलं असं लिहू नये, पण वाटलं. लोह्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलं की गेलेली थोरली बहीण, अक्काच आठवायची, आणि बोलायला कोणी नसायचं. इथे तिची माणसं आहेत.

तिची सासू केवळाआत्या दारातच भेटल्या. शिवून शिवून सुईच झालीस की गं, म्हणाल्या. हसायला आलं. भाची ऋतुजा लातूरला डॉक्टरीच्या क्लासला असते. संक्रांतीपर्यंत राहा, मग पुढच्या दिवाळीपर्यंत राहा, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं.

शुगरसाठी रोज काय खाल्लं, कसं वाटलं ते लिहा, असं लोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून ही वही. दोन भाकरी, वरण, वांग्याची भाजी. बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

या घरात वर्षभर गोड शिजणार नाही. अक्काच्या नावाने आत्यांनी तसं धरलंय. साखरेचा डबा धुऊन पालथा घातलाय. दाजी चहा टपरीवर पितात आणि तोंड पुसून घरी येतात. आत्यांना ते माहीत आहे. भुजंगाच्या मिशीला साखर लागती, म्हणतात. गूळ तेवढा कोठीत आहे, पोत्याखाली झाकलेला.

मला गोडाचं काही वाटत नाही. उलट किळस येते. अक्काला शेवटची आंघोळ घालायला मीच होते. सकाळी ती उठेना, अंग गार आणि घामाने चिंब, तेव्हा आत्यांनी शुद्धीवर यावी म्हणून तिच्या तोंडात गुळाचं पाणी ओतलं होतं. ते गिळलं गेलं नाही. ओठांच्या कडेने मानेवर ओघळून वाळलं होतं. मी लोह्याहून पोचेपर्यंत मुंग्या लागल्या होत्या. ओठांवर, नाकाच्या कडेला. मी पदराने पुसत होते आणि त्या पदरावरून माझ्या हातावर चढत होत्या. गूळ म्हटलं की मला तेच दिसतं.

दीड भाकरी, आमटी.

१५ नोव्हेंबर

माझ्या शुगरच्या गोळ्या संपल्या. भिंतीतल्या देवळीत अक्काच्या भरपूर शिल्लक आहेत. दाजी म्हणाले, शुगर ती शुगर, एकाच मायच्या पोटच्या तुम्ही दोघी, टाकून कशाला द्यायच्या. मलाही पटलं. अक्काची वस्तू वाया जाऊ नये. ती दोन वेळा घ्यायची, मीही दोन वेळा घेते.

भूक नव्हती. अर्धी भाकरी.

१७ नोव्हेंबर

दुपारी धुणं धुताना दरदरून घाम आला. बाहेर गारठा, आत्या शाल घेऊन बसलेल्या, आणि माझं पोलकं पाठीला चिकटलेलं. घामाला आंबूस वास येत होता. हात थरथरत होते. ओठ बधिर झाले, आपले नाहीतच असे. काळीज एवढं धडधडत होतं की आत्यांना ऐकू जाईल असं वाटलं. भाकरी खाल्ल्यावर थांबलं.

आत्या म्हणाल्या, धोंडाबाईला, म्हणजे अक्काला, असाच घाम येत होता, श्रावणात, उपासाच्या दिवसांत.

१८ नोव्हेंबर

आज मी आत्यांना ओरडून बोलले. मी आयुष्यात कोणाला ओरडून बोलले नाही. काय बोलले ते आठवत नाही. दाजी सांगतात, मी म्हणाले, मला खायला द्या, माझ्याच घरात मला उपाशी मारता का. आवाजसुद्धा धोंडाबाईचाच, असं आत्या म्हणाल्या.

मग माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं.

१९ नोव्हेंबर

लिहायला शरम वाटते.

मी कोठीत होते. कशी गेले ते माहीत नाही. भानावर आले तेव्हा दोन्ही मुठींत गूळ होता. तोंडही भरलेलं. लाळ हनुवटीवरून गळत होती, केस गुळाने गालाला चिकटले होते. आणि मुंग्या. कोपरापर्यंत. जिभेवर. मी थुंकले, बोट घालून ओकले, मुठीतला खडा मोरीकडे फेकला. अर्धा तास चूळ भरत होते तरी दातांत काहीतरी वळवळत होतं.

पण मग घाम नव्हता. हात स्थिर होते. डोकं कसं लख्ख. हीच तर भीतीची गोष्ट. तिला हवं ते मिळालं, म्हणून ती शांत झाली.

मी असलं मानत नव्हते.

२० नोव्हेंबर

आत्यांनी कोठीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. म्हणाल्या, अंगात आलेलीला खायला घालायचं न्हाई, सवय लागती तिला, तीन वार उपाशी ठेवली की आपसूक जाती. त्यांनी हे प्रेमानेच सांगितलं. माझे केस विंचरून दिले.

मीच हो म्हटलं. मला ते परत तोंडात नको.

नुसतं पाणी. गोळ्या चुकवल्या नाहीत, दोन्ही वेळा घेतल्या.

२१ नोव्हेंबर

दोन दोन दिसतं. दोन दारं. एका दारात अक्का, ओल्या अंगाची. ओठ हलत होते. ओठ नव्हे — त्यावरच्या —

बोलायला जाते तर शब्द भलतेच निघतात. तांब्याला दार म्हणाले. दाजी घाबरले. देवऋष्याला आणतो म्हणाले. अंथरूण ओलं. फक्त घामाने नव्हे. स्वतःचीच किळस.

२२ नोव्हेंबर

ऋतुजाचा फोन. माझं बोलणं ऐकून म्हणाली, सिंधुमावशी, तू प्यायलीस का काय. मग हसायची थांबली. काय खाल्लं विचारलं. काही नाही. गोळी कुठली. आईची. पाकिटावरचं नाव वाचून घेतलं. हॉस्टेलच्या डॉक्टरला विचारून परत फोन केला.

लिहून ठेवते. नंतर जमणार नाही.

माझी गोळी वेगळी होती. अक्काची वेगळी, जोराची. तिच्यावर जेवण चुकवायचं नसतं. उपाशी पोटी ती रक्तातली साखर पार खाली नेते. घाम, थरथर, धडधड, चिडणं, भलतं बोलणं, दोन दोन दिसणं — सगळं त्याचंच. अंगात कोणी नाही. गुळाकडे अक्का नेत नव्हती. माझंच शरीर नेत होतं.

गोड खा, आत्ता, जागी आहेस तोवर, म्हणाली. पाव तासाने बरं नसेल तर परत खा. मग भाकरी खा. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, या गोळीचा असर लवकर जात नाही, पुन्हा खाली येते. गोळी बंद, डॉक्टर सांगेपर्यंत.

मग म्हणाली, आईला पण घामच आला होता ना.

ती रडत होती.

अँब्युलन्सला तिने फोन केलाय. दाजी उदगीरला, देवऋष्याला आणायला. आत्या देवळात, फोन नेत नाहीत. किल्ली त्यांच्याकडे. कुलूप ओढलं. जोर नाही. साखरेचा डबा पालथा. चाटून पाहिला. राखेची चव.

पीठ कालवलं, तोंडात लगदा झाला, गिळवेना.

आलेल्या माणसांनी वाचा — मी बोलत नसले तर तोंडात काही ओतू नका. पाणी नाही, गुळाचं पाणी नाही. छातीत जातं. कुशीवर वळवा. दवाखान्यात न्या. साखर कमी आहे, एवढंच सांगा.

गूळ आहे.

त्या दिवशी फेकलेला. मोरीच्या कडेला. घरातलं एवढंच गोड.

पिवळा होता. आता काळा. हलतो आहे.

मोरीचा वास. खाली बसले. वही मांडीवर. हात धड माझा नाही.

अक्का समोर. तिच्या ओठांवर पण. ती नाही, मला माहीत आहे. घाम आहे नुसता. ती नाही.

उचलला. मनगटावर चढल्या. फुंकर मारली, जात नाहीत — आत बसल्यात —

डोळे मिटून

चावला. कुरकुर झाली. जिभेखाली पळतात. ओकायचं नाही. ओकायचं नाही. गिळला.

गाडीचा आवाज, का कानात

अजून एक घा