नळ्यांचा हंबरडा

टॉडमॉर्डन, यॉर्कशर
४ जानेवारी १९८७

चि. बेरिल हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. मी ठीक आहे, घर ठीक नाही. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. अगं, उचलते, पण फोन जिन्याखाली आणि त्याच्या पाठीला बॉयलरचं कपाट. तू तिकडे शेटलंडच्या बेटावरून काय सांगतेस ते या नळ्यांनी ऐकू दिलं तर ना! आधी बारीक घूं घूं सुरू होतं, मग भिंत थरथरते, मग फडताळातल्या बशा एकमेकींना टकरा देतात. शेवटी तर नळ्या असा हंबरडा फोडतात की स्वयंपाकघरातून ट्रॅक्टर चाललाय असं वाटावं. तुझे बाबा असते तर त्यांनी बॉयलरला एक लाथ घातली असती. उपयोग झाला नसता, पण समाधान मिळालं असतं.

हे सेंट्रल हीटिंग तुझ्या भावाच्या, क्लाइव्हच्या हट्टापायी. मला माझी कोळशाची शेगडी पुरत होती. आता प्रत्येक खोलीत भिंतीवर गरम पाण्याचा रेडिएटर लटकलाय. मी स्वयंपाकघरातला तेवढा थोडा उघडते, बाकीच्यांच्या चाव्या घट्ट बंद. माणूस एक, रेडिएटर एक. रिकाम्या खोल्या तापवायला मी काही लॉर्डाची विधवा नाही.

बॉयलर तपासायला गॅसवाला येऊन गेला. परका माणूस आपल्या पुढच्या खोलीत बसलाय आणि त्याच्या तोंडातून वाफा निघताहेत, हे आपल्या घरात कधी झालेलं नाही, म्हणून सकाळपासूनच ती खोली तापवून ठेवली. चांगले कप काढले, आल्याचा केक कापला. आणि नळ्या? शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारख्या गप्प. तो केक खाऊन, काही बिघाड नाही म्हणून लिहून गेला. क्लाइव्ह आला तेव्हाही तेच. विमा कचेरीत साहेब झाल्यापासून त्यालाही मी पुढच्या खोलीतच बसवते. त्याची पँट स्वयंपाकघराला शोभत नाही. तासभर कान लावून बसला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मांजराकडे पाहते, आता ते गालिच्यावर ओकणार की काय म्हणून.

मागच्या दाराने येणारी शेजारची डोरिस तेवढी साक्षीदार. पण ती ठार बहिरी. कपातला चहा थरथरतो, हाताला कळतं, म्हणते. बहिरीची साक्ष क्लाइव्हने उडवून लावली.

जपून राहा. लोभ आहे तो या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी आई,
एनिड

---

लीड्स
६ जानेवारी

ती. बेरिलताईस क्लाइव्हचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आईची चिंता वाटते. तिला घरात भयंकर आवाज ऐकू येतात. मी स्वतः जाऊन खात्री केली, तज्ज्ञ बोलावून खात्री केली. आवाज नाही. ताई, तुला एडिथ आत्या आठवते. तिलाही आधी घंटा ऐकू यायच्या, आपण हसायचो. मग एका सकाळी ती नाइटगाऊनवर कालव्याकाठी सापडली. मला पुन्हा हसायचं नाही.

गुरुवारी, १५ तारखेला, डॉ. ऑल्ड्रॉइड आईला घरी तपासायला येतील. त्यांनाही तेच दिसलं तर हॅरोगेटजवळच्या बीचक्रॉफ्ट वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली बोलून ठेवली आहे. त्याच आठवड्यात नेईन. खोली हवेशीर आहे, तिथे हीटिंगचा आवाज नाही. तुझी संमती कळव.

लहान भावावर माया आहे तशीच ठेव.

क्लाइव्ह

---

लेरविक, शेटलंड
८ जानेवारी

चि. क्लाइव्ह यास बेरिलचे आशीर्वाद.

संमती नाही. गुरुवारच्या आत मी येऊन पोचले असते, पण समुद्र खवळलाय, बोटी बंद आहेत आणि कप्तान माझं ऐकत नाही.

हवेशीर खोलीचं वाचून पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सपाट केलं. आईने उभ्या जन्मात एका तरी गोष्टीची खोटी तक्रार केली असेल तर सांग. ती खऱ्या तक्रारींनाच पुरी पडत नाही. पण एडिथ आत्याचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. डॉक्टरांना आठवडाभर पुढे ढकल. एवढं ऐक.

राग गिळला आहे. माया वर तरंगते आहे.

बेरिल

---

टॉडमॉर्डन
११ जानेवारी

चि. बेरिल हिस अनेक आशीर्वाद.

क्लाइव्हने काल येऊन सगळं सांगितलं. फार गोड बोलत होता, तेव्हाच समजले. डॉक्टर पुढे ढकलणार नाही म्हणाला. तुझं पत्र खिशात होतं, पण थंडी वाढतेय आणि उशीर झाला तर तो स्वतःला माफ करू शकणार नाही, म्हणाला.

बर्फ खिडकीच्या कट्ट्याला लागलंय. परवा पाद्री मि. हॉयल आले. त्यांच्यासाठी पुढची खोली उघडली, रेडिएटर सोडला, त्यांना म्हटलं, ऐका आता. ते ऐकत बसले, मी ऐकत बसले. काही नाही, बेरिल. घड्याळाची टिकटिक तेवढी. त्यांनी माझा हात हातात घेतला. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन घेतात ना, तसा. ते गेले, मी खोली बंद केली, कप विसळायला आत आले, आणि नळ्यांनी हंबरडा फोडला. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि पहिल्यांदाच मनात आलं की क्लाइव्हचं खरं असेल. आवाज फक्त मी एकटी असताना येतो. असा कुठला आवाज असतो गं?

गुरुवारची तयारी करते आहे. डॉक्टर पहिल्यांदाच घरी येणार. त्यांना पुढच्या खोलीतच बसवायला हवं. भल्या सकाळीच रेडिएटर सोडीन. घर नीट दिसलं तर बाईही नीट आहे असं वाटेल त्यांना.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर. मला बरं वाटेल.

तुझी आई

---

लेरविक
१३ जानेवारी

ती. आईस बेरिलचा शि. सा. न.

आई, पुढची खोली उघडू नकोस! हे वाक्य आधी लिहिते, पुढचं तू वाचलं नाहीस तरी चालेल. डॉक्टरांना स्वयंपाकघरात बसव.

तुझं रविवारचं पत्र टपालाच्या विमानाने आजच आलं. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. गॅसवाला, क्लाइव्ह, मि. हॉयल: सगळे पुढच्या खोलीत बसले आणि सगळ्यांना शांतता मिळाली. डोरिस मागच्या दाराने आली आणि तिचा चहा थरथरला. मग मी आमच्या घरातले सगळे रेडिएटर बंद केले, एक तेवढा किंचित उघडा ठेवला. माल्कम ओरडत होता की गोठवून मारतेस का, मी म्हटलं विज्ञानासाठी स्वेटर घाल. थोड्या वेळाने आमच्याही नळ्या गुणगुणायला लागल्या. तुझ्यासारखा ट्रॅक्टर नाही, पण बऱ्यापैकी मोठा भुंगा.

बॉयलरमधला पंप सगळ्या घरभर पाणी ढकलायला बसवलेला असतो. तू सगळ्या वाटा बंद करतेस, ते पाणी एका फटीतून जायला बघतं, आणि नळ्या थरथरतात. पाहुणा आला की तू पुढची खोली सोडतेस, पाण्याला वाट मिळते, पंप शांत होतो. तू सभ्य आहेस, आई, म्हणून तू वेडी दिसतेस.

वादळाने बेटावरच्या तारा पाडल्या आहेत. फोन लागत नाही. हे पत्र विमानतळावर स्वतः नेऊन देते. गुरुवारच्या आधी पोचेल का, कोण जाणे. एवढी वर्षं मी देवाला काही मागितलं नाही, आज टपालखात्याला मागते आहे.

तुझी लेक,
बेरिल

---

टॉडमॉर्डन
१६ जानेवारी

चि. बेरिल हिस आईचे, अजून स्वतःच्याच घरातून, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज शुक्रवारी आलं. डॉक्टर काल येऊन गेले. घाबरू नकोस, पुढे वाच.

काल सकाळी ठरल्याप्रमाणे पुढच्या खोलीत गेले. रेडिएटरच्या चावीला हात घातला, एवढ्यात वर माझ्या खोलीत काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. हा आवाज मात्र खरा होता. क्लाइव्ह लवकर येऊन वर गेला होता आणि कपाटावरची बॅग काढत होता. डॉक्टर आले नव्हते, मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि बॅग निघाली होती. मी चावीवरून हात काढून घेतला. पुढची खोली पाहुण्यांसाठी असते, बेरिल. मला न्यायला आलेला माणूस पाहुणा कसा?

डॉक्टर आल्यावर त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि तुझे बाबा बूट चढवायला बसायचे त्या स्टुलावर बसवलं. क्लाइव्हला कोळशाच्या बादलीशेजारी उभा ठेवला, कोटासकट. तो शरमेने लाल झाला. त्याच्या मते हे माझ्या वेडाचं पहिलं ठळक लक्षण होतं. चांगले कप काढले नाहीत. केक होता, तो डब्यातच राहू दिला. डॉक्टर हसतमुख होते. वार विचारला, सांगितला. पंतप्रधान कोण ते विचारलं, तेही सांगितलं, आणि मत विचारलेलं नसताना मतही दिलं. मग जरा जपून, पोराला विचारावं तसं, आवाजांबद्दल विचारलं.

मी काही बोलायच्या आत फडताळातली पहिली बशी हलली. मग सगळ्या. नळ्या अशा हंबरल्या की डॉक्टर स्टुलावरून उठलेच आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली, का ते देव जाणे. क्लाइव्ह भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याचा चेहरा पाहिला आणि माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. लहानपणी कालव्यात पडला होता तेव्हा असाच दिसला होता. आवाज जरा ओसरल्यावर तो म्हणाला, “आई, मला वाटलं, हे तुझ्या डोक्यात आहे.”

मी म्हटलं, “माझ्या डोक्यात काय आहे ते विचारायला तुला डॉक्टर लागला.”

डॉक्टरांनी चहा संपवला आणि जाताना क्लाइव्हला एवढंच म्हणाले की तुमच्या आईची प्रकृती तुमच्यापेक्षा बरी आहे. बीचक्रॉफ्टला काय कळवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीच सांगितलं. ते शब्द पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

लीड्सचा रस्ता बंद म्हणून क्लाइव्ह इथेच राहिला. आज तुझं पत्र त्यानेच वाचून दाखवलं. “तू सभ्य आहेस म्हणून तू वेडी दिसतेस” इथे तो थांबला, पाणी प्यायला. मग पुढच्या खोलीत गेला, चावी सोडली, आणि घर गप्प झालं. परत बंद केली, परत हंबरडा. सोड, बंद कर, सोड, बंद कर, मी शेवटी ओरडले की पुरे आता, खेळणं नाही ते. दुपारी गॅसवाला आला. म्हणाला, पंपाचा वेग सगळ्यांत वरच्या खुणेवर आहे, तो खाली आणतो, पण बाई, एक तरी दुसरा रेडिएटर कायम उघडा ठेवा. या खेपेला त्याला केक दिला नाही.

आता बॅगेचं. ती जागेवर ठेवायला मी वर गेले, उघडून पाहिली. क्लाइव्हने माझे गरम कपडे भरले होते, लोकरीच्या कव्हरातली गरम पाण्याची पिशवी भरली होती, आणि तुझ्या बाबांचा फोटो माझ्या जाड पायमोज्यात घालून अगदी मधोमध ठेवला होता, काच फुटू नये म्हणून. मी खाटेवर बसून राहिले. मूर्ख आहे, पण सामान भरायला शिकलाय.

तर बॅग भरलेलीच आहे. बोटी सुरू झाल्या की मी तीच घेऊन तुझ्याकडे लेरविकला येते, महिनाभर राहीन म्हणते. माल्कमला सांग, मला एकच रेडिएटर पुरतो. क्लाइव्ह मला बोटीपर्यंत सोडेल आणि मग इथे येऊन घर सांभाळेल. एकट्याने राहून पाहू दे त्यालाही.

उत्तर बोटीच्या वेळेसकट पाठव.

तुझी आई,
एनिड