उपडा चमचा

प्रिय ताई,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं दुसरं वाक्य कधी ऐकून घेत नाहीस. शिवाय आत्ता तुझ्याभोवती तुझी टीम, टीमभोवती कॅमेरेवाले. तू फोन कानाला लावलास की सगळ्यांचे कान टवकारणार. म्हणून कागद. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखं. शाळेशी माझं कधी जमलं नाही, नंतर कुठल्या छपराशीही जमलं नाही, तेव्हा लागेल तसं वाच. आईच्या बेकरीतल्या पैलवानाच्या हातून पाठवतोय. एवढा आडदांड माणूस, पण चॉकलेटची पाकळी वळताना जसा श्वास रोखून धरतो, तसाच दुसऱ्याच्या भानगडींजवळून जातो. तो पाकीट उघडायचा नाही.

टीव्हीवरच्या या केकच्या स्पर्धेत तुमच्या हॉटेलची टीम आणि आईच्या बेकरीची टीम फायनलला समोरासमोर येणार असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी पैज लावून हरलो असतो. तिकडे तू कॅप्टन, इकडे आई कॅप्टन. तुझ्या हाताखाली दोन शिकले-सवरलेले शेफ, आईच्या हाताखाली पैलवान आणि मी. ती निवेदिका काल मला म्हणाली, तुम्ही दोघं बहीणभाऊ अगदीच वेगळे दिसता हो. मी म्हटलं, ती इस्त्री केलेली आहे आणि मी नुसताच वाळत घातलेला. हसली. पण ते दाखवणार नाहीत, कारण मागून पैलवान शिंकला.

त्या स्टुडिओची मला पहिल्यापासून भीती वाटते. तुला नाही वाटत? खिडकीतून सकाळचं ऊन येतंय असं दिसतं, आणि जवळ गेलं तर काचेमागे दिवा. मागची विटांची भिंत बोटाने दाबली तर आत जाते. मी बोटीवर बटाटे सोललेत, पेट्रोल पंपावर राहिलोय, एका बर्फाच्या कारखान्यात तर उभ्या-उभ्या झोपलोय, पण कुठेही भिंत भिंतच होती. त्या बर्फाच्या कारखान्यात एक म्हातारा होता, तो लादीवर नुसती टिचकी मारून सांगायचा की आत तडा आहे की नाही. कान लावायचा आणि म्हणायचा, ही फुटणार. आणि फुटायचीच. त्याची आठवण आता का आली, ते लिहिता-लिहिता कळतंय मला. तुलाही कळेल.

तू बेकरी सोडलीस तेव्हा मी नव्हतो, माझ्या पायाला भिंगरी. जे कळलं ते पैलवानाकडून. तू टेबलावर वजनकाटा आणून ठेवलास, आणि आई म्हणाली, ज्याला जीभ नाही त्याने काटा वापरावा. तू म्हणालीस, जीभ म्हातारी होते, काटा होत नाही. पुढचं तुम्हा दोघींना ठाऊक. दोघी एकाच मातीच्या, कोण कुणाला समजवणार.

तर मी परत आलो आणि बघतो, टेबलावर तोच काटा. आई मीठसुद्धा त्यात मोजत होती. जी बाई चिमटीने मीठ टाकायची आणि वर कुणी विचारलं तर चिमूटच दाखवायची, ती. मला वाटलं, तिला तुझी आठवण येते म्हणून काढला असेल. बरं वाटलं, खरं सांगतो.

मग एक गिऱ्हाईक केक परत घेऊन आलं. म्हणे अक्रोड खवट आहेत. आईने त्याच्यादेखत एक तुकडा तोडून चावला, शांतपणे गिळला आणि म्हणाली, काही झालेलं नाही. नंतर मी त्यातलाच एक घास घेतला. ताई, दिव्यातलं जुनं तेल प्यायल्यासारखं झालं. आणि ही तीच आई, जी जिन्यातूनच ओळखायची की आपल्यापैकी कुणी दात घासलेले नाहीत. मध्यंतरी तिला मोठा ताप येऊन गेला होता, सर्दी राहिली होती. विचारलं, नाक मोकळं झालं का? म्हणाली, तू आधी केस काप.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी बेकरीत शिरलो तर दारातच गॅसचा वास. साधा नाही, डोळ्यांत पाणी आणणारा. आई माझ्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभी. साखर पातेल्यात घेतलेली, मागच्या शेगडीचं बटण पूर्ण फिरलेलं, आणि तिच्या हातात लायटर. मी ओरडलो नाही. हळू चालत गेलो, म्हणजे मला हळू वाटलं, तिच्या हातून लायटर काढून घेतला, बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या. ती म्हणाली, अरे वेड्या, थंडी आत येतेय, पीठ फुगणार नाही माझं. मी म्हटलं, आई, गॅस. तिने एक मोठा श्वास घेतला. पुन्हा एक घेतला. मग ती मैद्याच्या पोत्यावर बसली आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. त्या श्वासांनंतरचा तिचा चेहरा मी कुणाला सांगू शकणार नाही. तुलाही नाही.

यावर आमचं आजतागायत एका अक्षराने बोलणं झालेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने क्रीम शिजवलं, ते चमच्यात घेतलं, आणि स्वतःच्या तोंडात घालायच्या ऐवजी चमचा माझ्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागली. मी चाखलं. गोड कमी होतं. काय करावं कळेना, तोंडाने सांगितलं तर पैलवान ऐकणार. मी चमचा टेबलावर उपडा ठेवला. तिने एकदा बघितलं आणि साखर वाढवली. पुन्हा चमचा आला, मी चाखून उताणा ठेवला. तेव्हापासून हेच चाललंय. उताणा म्हणजे ठीक, उपडा म्हणजे काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते ती अंदाजाने शोधते, कधी तीनदा उपडा पडतो. बाकी सगळं ती कानाने आणि बोटांनी करते. कॅरॅमलचे बुडबुडे जड झाले की न बघता पातेलं उतरवते. लोणी पिठात लाटताना तळहातानेच सांगते की हे आता फाटणार. टीव्हीवर लोकांना वाटतं, काय हात आहे बाईचा. खराच आहे. हातच उरलाय.

आणि मी? मी झालो तिची जीभ. ज्याने जन्मभर ठेल्यावरचं, डब्यातलं, बोटीवरचं काय मिळेल ते गिळलं, त्याच्या जिभेवर आईची बेकरी चाललीय. आता बाहेर पडताना मी सगळ्या शेगड्यांची बटणं हात लावून बघतो, जिना उतरतो, पुन्हा वर जातो, पुन्हा बघतो. दाराला कधी कडी न लावणारा मी. तू हसशील. पैलवान हसतो. म्हणतो, भिंगरीला खिळा बसला.

तुला वाटेल, मग स्पर्धेत कशाला आली. नाव आधीच दिलेलं होतं, तापाच्या आधी. आणि तुझं नाव यादीत दिसल्यावर ती मागे हटेल असं तुला वाटतं का? मी एकदा म्हटलं, जाऊ दे आई, या वर्षी नको. म्हणाली, तुझी बहीण म्हणेल घाबरली. ती तुला घाबरत नाही ताई. पण तू तिला घाबरलेली बघावंस, याला घाबरते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, फायनल होऊ दे. डॉक्टर काय सांगेल याची भीती तिला जास्त आहे की मला, ते माहीत नाही. नुसतं नाक गेलंय, की नाकापासून काहीतरी सुरू झालंय?

आता सेमीफायनलचं. तू बघितलंस, माझ्या हातून क्रीमचं भांडं पडलं. सगळ्यांनी बघितलं. आई कॅमेऱ्यासमोर म्हणाली, हात आहेत की फावडी, आणि तुझ्या टेबलावरचे दोघं फिदीफिदी हसले. तू हसली नाहीस, हे मी पाहिलं. ते भांडं पडलं नव्हतं. ते क्रीम दिव्यांच्या उन्हात राहून आंबलं होतं. कॅमेरा जवळ आला म्हणून आईने भांडं उचलून नाकाशी धरलं, डोळे मिटले, मान डोलावली, अगदी झकास असल्यासारखी. मला दोन हात लांबून आंबूस वास येत होता. चमचा उपडा ठेवायला वेळ नव्हता, ती ओतायलाच निघाली होती. परीक्षकांच्या बशीत ते गेलं असतं तर संपलंच होतं. म्हणून मी कोपर मारलं. त्यापायी आमचा केक अर्ध्या क्रीमवर उभा राहिला, आम्ही दुसरे आलो, तुम्ही पहिले. ते ठीकच झालं, तुमचा केक चांगला होता. आतला लिंबाचा थर मी चोरून चाखला, बेस्ट.

पण पहिले आलात म्हणूनच हे पत्र लिहायची पाळी आली. निवेदिकेने फायनलचा नियम सांगितला तेव्हा मी आईकडे बघत होतो. दोन्ही टीममधून एकेकाने डोळ्यांवर पट्टी बांधून बसायचं आणि वाटीमागून वाटी चव ओळखायची. आणि आमच्यातून कोण बसणार ते पहिली आलेली कॅप्टन ठरवणार. म्हणजे तू. आई तेव्हा ॲप्रनची घडी घालत होती. चेहरा हलला नाही, पण ती घडी घालतच राहिली. ॲप्रन रुमालाएवढा झाला तरी तिचे हात थांबेनात. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, ती मलाच बोलावणार. तिच्या जागी मी असते तर मीही मलाच बोलावलं असतं.

आज दुपारी मी बाहेरून आलो तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. फटीतून बघितलं. ती खुर्चीत बसली होती, डोळ्यांवर ओटा पुसायचा पंचा बांधून. समोर वाट्या. एक चिमूट जिभेवर ठेवायची, थांबायची आणि मोठ्याने नाव घ्यायची. दालचिनी बरोबर सांगितली, ती बोटांना खरखरीत लागते म्हणून. कॉफीला कोको म्हणाली. कोकोलाही कोको म्हणाली. लिंबाची साल ती कितीतरी वेळ जिभेवर घोळवत राहिली आणि मग एकदम हळू, विचारल्यासारखं म्हणाली, लवंग? पट्टी वर करून वाटी बघितली. पुन्हा पट्टी खाली घेतली, वाट्या फिरवल्या, पुन्हा पहिल्यापासून. मी पाठमोरा वळून जिन्यात येऊन बसलो. इथेच बसून हे लिहितोय. आत अजून तिचा आवाज चालू आहे. बर्फाच्या लादीला कान लावून बसल्यासारखं वाटतंय मला.

तर ताई, लिहायचं कारण एवढंच की उद्या सकाळी तुला नाव विचारतील तेव्हा माझं घे. भावाला बोलावते म्हण. काल ज्याने भांडं पाडलं तो, टीममधला कच्चा लिंबू. कुणाला शंका यायची नाही, उलट म्हणतील कॅप्टन हुशार आहे. मी बहुतेक हरेन. निम्म्या वाट्यांची तर मला नावंच येत नाहीत. पण मी हरलो तर लोक हसतील आणि विसरतील, ती हरली तर कुणीतरी विचारेल, असं कसं झालं. तुला हरायला सांगत नाही, खुशाल जिंक. आणि हेही कळतंय मला, की हे सगळं मी आमच्या समोरच्या टीमच्या कॅप्टनला लिहून देतोय. तिला काय जमत नाही, कुठे अडतं, सगळं. आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. माझं नाव घेतलंस तर ती तुझ्यावरही चिडेल, म्हणेल, पोरीने सोपं सावज धरलं, माझ्यासमोर बसायची हिंमत झाली नाही. चिडू दे. मान खाली घालून ऐकून घे, उत्तर देऊ नकोस. एवढं तुला जमेल का, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

तुझाच, जिन्यात बसलेला
भिंगरी